डावा पाय

लेकीने वाढदिवसाला कुपन दिलं:
साठ मिनिटं, दोन पाय, गंगापूर रोड.
म्हटलं, माझे पाय काय आजारी आहेत?
ती म्हणाली, बाबा, नुसतं जाऊन बसा.

एकतीस वर्षं बसूनच तर होतो.
सीबीएसहून निघायचं, वणी, सुरगाणा, नांदुरीचा घाट,
आणि डावा पाय क्लचवर.
उजव्याला निदान दोन घरं होती फिरायला,
डावा आपला एकाच खुंट्याला बांधलेला.
निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी झोपेत दाबतो.
शालन पलीकडे सरकत म्हणते,
"अहो, गाडी उभी करा आता."

पाटीवर थाई. आत गवती चहाचा वास.
पितळी घंगाळात कोमट पाणी,
लिंबाच्या चकत्या, जाडं मीठ.
मी टाचा लपवायला बघत होतो,
भेगा अशा, की गव्हाचा दाणा अडकावा.

तिने पाय हातात घेतला
आणि मला घाम फुटला.
या पायांना लोक शिवले ते
दसऱ्याला, लग्नाकार्यात, निरोपाच्या दिवशी.
वाकले, टेकले, उठले. डबल बेल, पुढे.
इथे हात उठेचनात.
सवयीने तोंडातून गेलंच, "औक्षवंत हो."
ती हसली. मराठी कळत होतं तिला.

"थायलंडच्या का तुम्ही?"
"नाही काका. मिझोराम. चंफाई.
लालरिनपुई. इथे सगळे रीना म्हणतात."
मग, "आमच्याकडे पण घाटच घाट.
सुमोत सगळे ओकतात."
म्हटलं, सुरगाण्याच्या गाडीतपण.
झाली ओळख.

तिने एक लाकडी दांडी काढली,
विटीएवढी, टोकाला गुळगुळीत,
आणि तळव्यावर गावं दाखवत निघाली.
इथे पोट. इथे डोळे. इथे झोप.
खरं-खोटं तिची विद्या जाणे,
पण पेडल बसायचं त्या जागी टोक आलं
आणि मी ओरडलोच.
ती थांबली.
"उजवा असा नाही, काका.
हा अजून ड्यूटीवर आहे."

क्लचबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

सत्त्याण्णव साल. नांदुरीच्या उतारावर ब्रेक गेले.
बावन्न माणसं, दोन बोकड,
आणि हाच, दाब-सोड, दाब-सोड,
एकेक गियर पाडत
गाडी डोंगराला घासून उभी केली आम्ही.
डेपोत सत्कार झाला. हार गळ्यात, नारळ हातात.
पायाला कुणी काही विचारलं नाही.
मीसुद्धा नाही.

डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, लिंबाचं असेल.

निघताना तिचे अंगठे दिसले,
सांध्याशी जाड, घट्टे पडलेले.
"तुझे हात कोण दाबतं गं?"
"मीच. रात्री.
आधी उजवा डाव्याला, मग डावा उजव्याला."
एवढंच. नॅपकिनची घडी घालून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली.

घरी सरळ गेलो नाही. भांडी बाजारात उतरलो,
काशाची वाटी घेतली, घासाघीस न करता.
आता रोज रात्री जेवणं आटोपली की
चमचाभर तूप, मांडीवर डावा पाय.
तळवा काळा पडतो, वाटी कोमट होते.
त्याला म्हणतो, सुटलास रे.
तो ऐकतोच असं नाही.

परवा वाटी घेऊन शालनकडे सरकलो.
तिने पाय पोटाशी ओढून घेतले.
"काहीतरीच! पाप लागेल मला."
म्हटलं, पापाचं तिकीट मी काढतो, तू बस.

बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली.
मग एक पाय आला, अर्धाच, साडी सावरत.
जोडव्याखाली गोरी रेघ,
घोट्यावर एक जुना व्रण, चिंचोक्याएवढा.
चौतीस वर्षांचा संसार, आणि हा मला माहीत नाही.
"हा कधीचा?"
"राहू द्या," म्हणाली.

पाय मात्र मागे घेतला नाही.