चौदा पांढरे

डॉक्टरांनी विचारलं, आवाज ऐकू येतात का?
मी म्हटलं, हो.
प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळ दिलं.
ट्यूबलाइटचा येतो, पेटायच्या जरा आधी.
दोन भिंतींपलीकडून सोनवण्यांच्या फ्रिजचा.
रात्री शिवडीच्या धक्क्याकडून बोटीचा भोंगा,
आणि तो कुठल्या बोटीचा, तेही कळतं.
एवढं सांगायला तोंड उघडेपर्यंत
त्यांचं पेन दोन ओळी पुढे गेलं होतं.

भाऊ बाहेर बाकड्यावर, मांडीवर माझी पर्स.
मी बत्तीस वर्षांची होते.
ऑटिझम हा शब्द आमच्या क्वार्टर्समध्ये पोचायला
अजून चार वर्षं होती.
गोळी आधी आली.

रिस्पेरिडोन, दोन मिलिग्राम, रात्री जेवल्यावर.
आई ग्लास घेऊन समोर उभी. जीभ उचल, म्हणायची,
मग स्वतःच ओशाळून
पुसलेला ओटा पुन्हा पुसायची.

पहिल्या आठवड्यात झोप आली.
खोटं कशाला बोलू, झोप छान होती,
डांबराच्या पिंपात कुणी हलकेच सोडल्यासारखी.
मग भूक. रात्री एक वाजता, उभ्याने,
कुकरच्या तळाचा भात.
मग पाय.
बसले की उठावं, उठले की बसावं,
पायांत जणू दुसरीच बाई
जिला कुठेतरी वेळेवर पोचायचंय
आणि पत्ता माझ्याकडे नाही.

मी डुलायचे, ते थांबलं.
हात फडफडायचे, ते मांडीवर पडून राहिले
कुणी विसरून गेलेल्या छत्र्यांसारखे.
यशोधरा किती शांत झाली हो, शेजारणी म्हणाल्या.
टेलरने पाच महिन्यांत तिसऱ्यांदा माप घेतलं
आणि तोही काही बोलला नाही.

भुलेश्वरला प्राणलालभाईंच्या बटणांच्या दुकानात
मला अकरा वर्षं झाली.
गिऱ्हाईक तुटकं बटण आणतं,
मी एकदा बघते आणि खण उघडते.
आमच्याकडे पांढरे चौदा.
ताकाचा. खडूचा. सोललेल्या लसणीचा.
नखाच्या मुळाशी असतो तो.
जुन्या बेसिनचा, आणि एक असा
जो दुपारी चारनंतर निळा होतो.

त्या डिसेंबरात मी मोजले: नऊ.

गिऱ्हाइकांना कळलं नाही.
प्राणलालभाई म्हणाले, हल्ली तू हसतेस, बरं वाटतं.
मी हसत नव्हते, गाल जड झाले होते.
नऊ पांढऱ्यांवर माणसं मजेत संसार करतात,
मला माहीत आहे. पण मी चौदांच्या घरातली.

चार वर्षांनी सायनला एक डॉक्टरबाई.
आवाज ऐकू येतात का?
हो.
त्या म्हणाल्या, कोणते?

कोणते.
मी पाऊण तास बोलले.
त्यांनी घड्याळ बघितलं नाही,
की बघितलं असेल, मला चेहरे वाचता येत नाहीत.

एकदम बंद करायची नाही, त्या म्हणाल्या. आधी दीड, मग एक, मग अर्धी.
पोळपाटावर ब्लेडने कापते.
चुरा बोटाने टिपून खाते, हिशोब चुकू नये म्हणून.

एकावर होते तेव्हा, एकदा, दुकानाबाहेर
हातगाडी, स्कूटरचा हॉर्न, भांडेवाल्याची पातेली
तिन्ही एकाच वेळी आले.
शटरला कपाळ टेकून मी उभी राहिले
आणि मनात आलं, आत्ता दोन असत्या तर.
हे आईला सांगितलेलं नाही.

परवा बारावा परत आला, लसणीचा.
अर्धी गोळी मी शेडकार्डावर ठेवून पाहिली,
कशाशीच जुळत नाही.
भोंगा मात्र अजून नाही.
बोटीच कमी झाल्या असतील कदाचित.
धक्क्यावर ओळख असलेल्या कुणीतरी
हे तपासून मला सांगा.