तिसरा माग

शहापुरात, खडेबाजारच्या बोळात,
चाळीस वर्षं मी पेट्या सुरात लावतो.
पितळी जिभेवरून कानस फिरवायची, फुंकर मारायची,
भाता हलवून ऐकायचं.
दोन रीड जवळ आले की मध्ये एक लाट उठते,
वॉंव्‌ वॉंव्‌ करत राहते,
कानशीच्या चार हातांत मरते.
ती मेली की पैसे मिळतात.

प्रज्योत मुचंडीकरला नेमकी तीच पाहिजे होती.
"मारू नका की तिला, काका. थांबा, घ्यायलोय."
उद्यमबागेतला लेथ त्यानं आधीच घेतला होता,
गोगटे सर्कलच्या एका जनरेटरचा खोकलाही.
मग वडगावात गेला, निलव्वाच्या शेडमध्ये,
सहा माग, एक बल्ब, भुवयांवर बसणारी रुई,
आणि लोखंडाला माइक चिकटवून
आठ दिवस बसला, चहा सुद्धा बोटांनी मागत.

पोस्टरवर अक्षर एकही नव्हतं.
नुसती एक दातेरी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
तरी हवालदार आला,
बराच वेळ रेघेकडं बघत राहिला,
"याव भाषा इदु?"
प्रज्योतला उत्तर आलं नाही.
मलाही आलं नसतं.

माणसं अठरा. त्यातली सात त्याच्या घरची.
दिवे घालवले आणि भिंती खडखडायला लागल्या.
मी सवयीनं षड्‌ज शोधत होतो,
सापडला असं वाटायचं, तोवर निसटायचा
ओल्या साबणागत.
कुलकर्णी मास्तर उठले, छत्री आपटत गेले.
ते आपटणं बरोबर समेवर पडलं,
पण हे त्यांना सांगणार कोण?

निलव्वा पहिल्या रांगेत, डोळे मिटून.
मला वाटलं, रमली.
मध्येच मोठ्यानं म्हणाली,
"तिसऱ्याचा पिकर गेलाय बघ.
धोटा उडणार आज-उद्या. पोरगी असते तिथं."

आणि करंट गेला.
सगळं एकदम बंद.
लोकांना वाटलं संपलं, टाळ्या पडल्या,
कुणीतरी म्हणालं, शेवट काय सुंदर केला.
अंधारात निलव्वा चपला शोधत होती.
शांत झालं की ती नेहमीच उठते.
माग थांबले की मीटरभर कापडाचे पैसेही थांबतात,
शांततेत तिला कधी कुणी बसवलेलंच नाही.

सकाळी मी वडगावात गेलो.
पिकर बदलला होता, पोरगी कांडी भरत होती.
"आता ऐका," निलव्वा ओरडली, "फरक पडला की नाही?"
मी कान दिला. डावा, मग उजवा.
सहा माग, एकच धबधबा.
पडला, म्हटलं.
खोटं बोललो.

अनगोळच्या भजनी मंडळाची पेटी दुकानात आहे.
काळी दोनमध्ये अजून लाट आहे तिच्या.
काल न्यायला आले होते.
कानस हातातच होती माझ्या.
म्हटलं, शनिवारी या.