साकु

संकेश्वरच्या अलीकडं, डिस्टिलरीच्या पाठीमागं
चार लांबोळकी तळी. गुडघ्याइतकीही खोल नाहीत.
मळी आंबते तिथून नळी येते इकडं,
नळीतून येतो तो वायू.
अंगाला आंबूस वास, तोही दुसऱ्याचा.
इतकी वर्षं आम्ही त्याला धुराड्याशेजारून
असाच सोडून दिला.

पहिल्या महिन्यात मी व्हॉल्व्ह सताड उघडला.
पाणी उकळल्यागत दिसायचं,
ऊस घालायला आलेले गाडीवान थांबून बघायचे.
मॅनेजर खूश. मीही.

महिनाअखेर बेडकिहाळे मॅडम वही घेऊन आल्या,
माझ्या धाकट्या पोरीच्या वयाच्या, बुटांना हिरवा चिखल.
"काका, एक किलो शेवाळाला दोन किलोच्या आत वायू लागतो.
तुम्ही अकरा घातला.
बाकीचा कुठं गेला?"
मी वर बघितलं.
त्यांनी नाही बघितलं.

मग शिकलो.
मोठा बुडबुडा म्हणजे घाईतला पाहुणा,
आला, दिसला, पान वाढायच्या आत गेला.
बारीक असतो तो टेकतो, रेंगाळतो,
बोलता बोलता घरातलाच होतो.
म्हणून तळ्याच्या टोकाला पुरुषभर खड्डा काढला,
तळाशी चिनी मातीची चाळण बसवली.
पाणी वरून उतरतं, वायू खालून चढतो,
बोळ अरुंद,
गाठ पडल्याशिवाय सुटका नाही.

रात्रपाळीला इराप्पा.
त्याचं मराठी माझ्या कन्नडइतकंच मोडकं.
त्याला मीटर दाखवून एवढंच सांगितलं:
आकडा आठाच्या वर गेला की तळं म्हणतं 'बेकु',
साडेसातावर उतरला की 'साकु'.
"इष्टे?"
इष्टेच.

आणि दिवस बुडाला की नळी बंदच.
अंधारात शेवाळ खात नाही,
उलट स्वतःच थोडा सोडतं, झोपलेल्या माणसागत.
पहाटे इराप्पा कंदिलासारखा मोबाईल धरून
काठाकाठानं फिरतो,
एकही बुडबुडा नसलेलं पाणी बघत.
पूर्वी मला असलं पाणी मेलेलं वाटायचं.

काल घरी सून आमटी वाढत होती.
मी ताटावर हात आडवा धरला: साकु.
तिचं माहेर कोल्हापूरकडचं,
तरी पळी थांबली.

आता अडीच किलो लागतो.
वरचा अजून निसटतो कुठूनतरी.
मॅडम विचारतात,
मी व्हॉल्व्हकडं बघतो, मीटरकडं बघतो,
मग सवयीनं
वर.