किंचित मोठा

विब्रेन तर्पस्ट्राने एकतीस वर्षं पूल उचलला.
लेवार्डनच्या खाली, कालव्यावरचा, हिरव्या लोखंडाचा.
घंटा वाजायची, सायकली थांबायच्या,
आणि होडी खालून सरकताना तो
गळाच्या काठीला बांधलेला लाकडी जोडा
खाली सोडायचा, टोलाच्या नाण्यांसाठी.

त्या मंगळवारी जोडा वरच राहिला.
होडीतली बाई म्हणाली, सोडा की खाली.
त्याला कळलं सगळं. फक्त समोर लोंबणाऱ्या वस्तूचं नाव
जागेवर नव्हतं.
आणि उजवा हात,
कुणीतरी कठड्यावर ठेवून विसरून गेल्यासारखा.

मेंदूच्या चित्रात डाग, बोराएवढा.
मानेच्या नळ्या स्वच्छ. साखर नाही. रक्तदाब बेताचा.
सिगारेट मुलगी झाली तेव्हाच सुटलेली.
डॉक्टर बाउकेमांनी लिहिलं: कारण अज्ञात.
मग कातडीखाली काडीएवढं यंत्र बसवलं.
चौदा महिने ते ठोके मोजत राहिलं,
रात्री उशाशी ठेवलेला डबा सगळं पाठवून द्यायचा.
एक क्षणही बेताल नाही.

मी निदान करत नाही. मी मोजते.
अंधारी खोली, थंड जेल, डाव्या कुशीवर माणूस.
श्वास सोडा. आता धरा.
पडद्यावर डावा वरचा कप्पा:
फुफ्फुसांतून आलेलं रक्त इथे टेकतं,
जिन्यात कुणी क्षणभर टेकावं तसं,
आणि खाली उतरतं.
याच्या भिंती मात्र
गळा सैल पडलेल्या गंजीफ्रॉकासारख्या.
कधीपासून, कोण जाणे.
कोपऱ्यात एक पिशवी असते, कानासारखी,
ती इथून नीट दिसत नाही, घशातून नळी उतरवावी लागते.
रक्त तिच्यात वळतं
आणि कधीकधी परत यायचं विसरतं.

विब्रेनला हे वेगळं सांगावं लागलं नसतं.
पुलाच्या मागे कालव्याचा एक बंद फाटा आहे.
तिथे जूनपासूनच हिरवी साय धरते,
वरून पूल वेळेवर उघडतो, वेळेवर मिटतो,
आणि फाट्यातलं पाणी हलत नाही.

आम्ही सगळे टिकटिक ऐकत बसलो होतो.
वाळवी घड्याळाच्या लाकडाला लागली असेल तर?
ईसीजीच्या कागदावर प्रत्येक ठोक्याआधी एक बुटकी टेकडी असते,
तिच्या मागच्या उताराला एक खळगा.
त्याचा खळगा मला खोल वाटला. दोनदा पाहिला.
बाउकेमांना विचारलं, रक्त पातळ करायची गोळी?
ते चष्मा पुसत म्हणाले,
एवढ्यावरून नाही देता येत. कप्पा आजारी असेलही,
पण गुठळी तिथूनच निघाली हे कुणी पाहिलं?
ते चुकीचं बोलत नव्हते.
हेच मला घरी जाताना, वाऱ्याविरुद्ध सायकल मारताना,
पुन्हा पुन्हा आठवत होतं.

काल जुनी फाईल उघडली.
सहा वर्षांपूर्वी, गुडघ्याच्या ऑपरेशनआधी,
एक तपासणी झालेली. चार पूर्णांक एक सेंटिमीटर.
पानाच्या तळाशी, कुणी वाचत नाही त्या ओळीत:
डावा वरचा कप्पा किंचित मोठा.
खाली सही. माझीच.
माणूस आठवत नाही. त्या दिवशी बारा माणसं होती.

आज तो आला, गात्स्केचा दंड धरून.
वाचा शिकवणारी मुलगी त्याला चित्रं दाखवते म्हणे.
लाकडी जोडा दाखवला की तो म्हणतो: नाव.
ती चूक म्हणून फुली मारते.
गात्स्के हसली, म्हणाली, पोकळ लाकूड आहे, पाण्यावर तरंगतं,
फुली कशाला?
तोही हसला, अर्ध्या तोंडाने.

कुशीवर वळा. श्वास सोडा.
चार पूर्णांक चार.
विहित शब्दांची यादी पडद्यावर उघडते,
नियमाप्रमाणे अजूनही पहिलाच शब्द लागतो.
मी बोट उचललं, आणि ठेवलं नाही.
तो विचारत होता काहीतरी, खोलीत अंधार होता,
पुन्हा पुन्हा एकच शब्द,
नाव, नाव,
आणि मी म्हणाले, धरा. श्वास धरा अजून जरा.