तळ

विश्रामबागेत, टायरच्या दुकानावर
माझी एक खुर्ची, एक खिडकी
आणि जिनगोंडा शेठजींच्या अडतीचं जुनं दप्तर.
कुणा पोराकडून त्यांनी ते टाइप करून घेतलेलं,
महिरपी कंसात महिरपी कंस,
त्याच्या पोटात आणखी एक.
जेसन फाईल, मी म्हटलं.
शिदूमामांनी विचारलं, "जेसन कोण? मिरजेच्या मिशनातला का?"
नाही हो. पेवच समजा.
पेव म्हटल्यावर ते स्टूल ओढून बसले.

आधी मी फेऱ्या लिहिल्या.
अडत्यासाठी एक, तिच्या आत सौद्यासाठी,
तिच्या आत पोत्यासाठी.
एकसष्ट सालापर्यंत बरं चाललं.
मग एका सौद्याच्या पोटात दुसरा सौदा निघाला,
निम्मी राजापुरी कुणी परस्पर विकलेली,
त्यातली निम्मी आणखी कुणी.
फेऱ्यांत फेऱ्या लिहायच्या तरी किती?

"वरनं खोली कळत न्हाई," मामा म्हणाले.
"हरिपुरात एक पेव वीस हात, शेजारचं तीस.
तोंड दोन्हीचं एकाच माणसापुरतं."

मग एकच फंक्शन लिहिलं. नाव ठेवलं: उतर.
हाती येईल ते उघडायचं.
आकडा निघाला, नाव निघालं, तर टिपून घ्यायचं
आणि आल्या वाटेने वर.
पुन्हा कंस निघाला
तर उतरने उतरलाच हाक मारायची.

पहिल्या दिवशी मी घाईत
आतलं द्यायच्या जागी बाहेरचंच परत दिलं.
यंत्र त्याच तोंडातून अकरा हजार वेळा आत गेलं,
एक हातभरही खाली न जाता घुसमटलं.
मामा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नल आला.
नल म्हणजे काहीच नाही.
पण जावास्क्रिप्टला विचारा हा कोण,
तर सांगतं, ऑब्जेक्ट. भरल्या घरासारखं.
आत पाय टाकला की पायाखाली काही नाही.
"झाकण काढल्या काढल्या उतरायचं नसतंय," मामा म्हणाले,
"आधी कंदील सोडायचा. इझला, की थांबायचं.
त्या हवेला ना वास, ना रंग."
मी कंदिलाची एक ओळ लिहिली:
नल असेल तर ओलांडून पुढे.

तिसऱ्या दिवशी, दुपारच्या चहाआधी,
सगळं दप्तर उलगडलं.
वजनं, कडता, तोलाई,
फाटक्या पोत्यांचे वजा केलेले आणे
आणि नवव्या पातळीवर
एका पेवाच्या शेऱ्यात
*माणूस आत आहे. झाकण लावू नये.*

फंक्शनला त्याचं काय.
त्याच्या लेखी ती अक्षरं.
टिपली, वर आलं, पुढच्या पोत्याकडे गेलं.

मामांनी साल विचारलं.
एकोणसत्तर.
"त्याच्या खालीच लिवत्यात, कवा वर आला ते. बघ."
छापलेल्या यादीत काही नव्हतं.
मी मूळ फाईल उघडली, कंस मोजत मोजत गेले.
वर आला: नल.
माझा कंदील तिथून शहाण्यासारखा ओलांडून गेला होता.

"म्हंजे?"
म्हणजे आला नाही असं नाही, मामा. लिहिलेलं नाही, एवढंच.
खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला.
"लिवणाराबी दोर वढत असंल," ते म्हणाले.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.

ती ओळ मी बदलली. नल आला तरी टिपायचा,
कुठल्या पेवात, कितव्या पातळीवर.
शेठजी म्हणतील, यादी फुगली.

मामा उठले, जिन्याकडे गेले.
अंधारात त्यांच्या चपला एकेक पायरी घेत होत्या.
मी हात थांबवून ऐकत बसले.
तळाशी पोचल्यावर त्यांनी खालून आवाज दिला,
"सोळा!"