पाटीवरचं नाव

वास्कोपासून कुळ्यापर्यंत पाट्या रंगवायचं काम.
दाबोळी झालं, सांकवाळ झालं,
पिवळ्यावर काळं, कंत्राटदाराच्या कागदाबरहुकूम.

कासावलीला पिएदाद बाय
बाकावर सुंगटांची टोपली टेकवून म्हणाली,
नाव चुकलंय.
मी कागद दाखवला.
तिने नाव म्हणून दाखवलं.
शेवटी ओठ मिटलेच नाहीत,
आवाज नाकात चढला
आणि तिथंच राहिला, उतरायचं स्टेशन चुकल्यासारखा.
इंग्रजीत त्याचा निदान एम झालाय,
माझ्या ओळीत तेवढंही नाही.

अनुस्वार देऊ?
"दी," म्हणाली, "पूण ल्हान."

कागदावर नाही ते कसं द्यायचं,
मी ब्रश हातात धरून उभा.
तेवढ्यात मुरगावहून कोळशाची मालगाडी.
तोंडावर हात धरून तिने डबे मोजले,
अठ्ठावन्न. सवय असावी.

धूळ बसल्यावर पाहिलं,
अजून चिकट असलेल्या पिवळ्यावर
लीच्या डोक्याशी, जरासा उजवीकडे,
कोळशाचा एकच कण.

पुसायला फडकं होतं खिशात.
तिची लोकल आली, टोपली उचलून चढली,
दारातून ओरडली काहीतरी, कळलं नाही.

पुढची पाटी माजोर्डा.
कागद आहे.
तरी कुणीतरी बाकावर असेल तर बरं.