मंगळवार, हळदोणे

शाळेने मला जिन्याखालची खोली दिली आहे.
फुटका ढोल, गोव्याचा नकाशा, दोन बुटकी बाकं.
मधल्या सुट्टीनंतर एल्रॉय येतो.

सात वर्षांचा. पेन्सिल धरतो
निसटती मासळी धरावी तशी,
आणि त्याचा काना वहीतून
बाकावर उतरतो.

फी त्याचा बाप देतो, सायकलवरून न उतरता.
पोदेर. दहा-दहाच्या नोटा, घड्यांत पीठ.
मी मोजत नाही.
(मोजते. घरी गेल्यावर.)

आज पिशवीतून निळी पुटी काढली,
बोटांत बळ यावं म्हणून
कुरियरने मागवलेली, महागाची.
"दाब," म्हटलं.

त्याने हुंगली. तोंड वाकडं केलं.
मग बाकावर, नसलेलं पीठ भुरभुरून,
तळव्याखाली लांबवली, टोकं जुळवली,
काकण वळलं,
आणि अंगठ्याने सांधा बुजवला.
तोच अंगठा, जो माझ्या अहवालात
गेले चार महिने
'सहभाग नाही'.

दुसरं. तिसरं. थोडं वाकडं चौथं.

घंटा झाली. पेन्सिल आज तशीच राहिली.
मी आवरायला गेले, तर दारातून ओरडला,
"हात लावूं नाका, टीचर!
अजून फुगूंक नात."